चोवीस स्लीपरचा पूल

जे गिऱ्हाईक भाव न करता माल उचलतं, त्याचा मला राग येतो. अकोल्याच्या जुन्या शहरात माझं जुन्या लाकडाचं दुकान आहे. पाडलेल्या घरांच्या चौकटी, कड्या, दारं मी विकत घेतो आणि विकतो. सुरुवातीला सायकलच्या दांडीला एक दार बांधून गल्लोगल्ली फिरलो. आज दोन गोदामं आहेत आणि जठारपेठेत घर आहे. कुणाच्या बापाच्या पुण्याईवर नाही, जिभेवर मिळवलं. या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो. तोंडातून निघालेला पहिला आकडा खरा नसतो. ती फक्त बोलण्याची सुरुवात असते. मी जास्त सांगतो, समोरचा कमी सांगतो, पाठ फिरवून चार पावलं जातो, मी हाक मारतो, तेव्हा कुठे खरा आकडा बाहेर येतो. मापाचंही तसंच. मिस्त्री सात फुटांची कडी मागतो तेव्हा त्याला पावणेसातचीच लागते. हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

साहेब पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांनी सागवानाच्या पट्ट्या नखाने दाबून पाहिल्या, भाव विचारला आणि म्हणाले, "बरं."

मी म्हणालो, "बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे द्या."

माझा तिथेच मूड गेला. मी आकडा चढवून सांगितला होता, घासाघीस होईल म्हणून मांडी ठोकून बसलो होतो, आणि हा माणूस पिशवी उघडून उभा. त्याच वेळी मी सावध व्हायला हवं होतं.

साहेब रेल्वेच्या पुलांच्या खात्यातून निवृत्त झालेले, अमरावतीला राहणारे. पट्ट्या कशाला हव्यात म्हणून विचारलं तर म्हणाले, आम्ही सहा-सात निवृत्त लोक मिळून आपल्या जुन्या नॅरोगेज लाइनची छोटी प्रतिकृती करतोय. एका बंद पडलेल्या शाळेचा चित्रकलेचा हॉल मिळालाय. टेबलांवर रूळ, स्टेशनं, नाले, पूल, सगळं. खऱ्या एका फुटाला अर्धा इंच.

मी हातातली पट्टी खाली ठेवली. म्हणालो, "अंजनगावच्या अलीकडचा नाला घेतला का त्यात?"

"घेतला आहे. का?"

"त्यावरचा लाकडी पूल घ्या."

साहेबांनी चष्मा पुसला. "तिथे लाकडी पूल नव्हता. लोखंडी गर्डर आहे. मी स्वतः तपासणी केली आहे."

इथून हे भांडण सुरू झालं.

माझे वडील त्या लाइनवर गँगमन होते. अंजनगाव सुर्जीच्या बाहेर, रुळांच्या कडेला दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. रुळांचे बोल्ट कसायचे, रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके, म्हणजे स्लीपर, बदलायचे, गिट्टी सारखी करायची, खचलेला भराव भरायचा, हे त्यांचं काम. माझ्या जन्माच्या आधी एका सालच्या पुरात त्या नाल्यावरच्या लोखंडी पुलाचा पाया खचला. गाडी बंद ठेवायची नव्हती, कारण कापसाचा हंगाम तोंडावर होता. म्हणून गँगने मिळेल ते लाकूड लावून तिथे तात्पुरता पूल बांधला. छातीभर पाण्यात उभं राहून. त्या हंगामात गाडी त्या पुलावरून गेली. पण कशी? काठावर इंजिन थांबायचं, ड्रायव्हर शिटी मारायचा आणि माझे वडील हिरवं निशाण घेऊन इंजिनाच्या पुढे चालायला लागायचे. त्यांच्या पावलाने गाडी मागून यायची.

वडील फार बोलत नसत. पण हे सांगत. "मांगून वाफेचा भपकारा पाठीले लागे. पयाचं नाई, मांगं पाहाचं नाई. फकस्त स्लीपर मोजाचे. चोवीस झाले का काठ आला."

आयुष्यभर लोकांच्या बुटाखाली काम केलेल्या त्या माणसाच्या मागे काही दिवस आख्खी गाडी चालली होती, एवढीच काय ती त्यांची कमाई. पुढे लोखंडी पूल दुरुस्त झाला, लाकडी उतरवला. आता तर लाइनच बंद आहे, रुळांत बाभळी उगवल्यात. त्या पुलाचा फोटो नाही, कागद नाही. तो पाहिलेला माणूस उरलेला नाही. साहेबांच्या टेबलावर तो उभा राहिला नाही तर कुठेच राहणार नव्हता.

माझ्याकडे फक्त एक बोल्ट होता. चौकोनी डोक्याचा, वीतभर लांब. वडिलांनी पूल उतरवताना घरी आणला होता आणि माझ्या आईने जन्मभर त्याने शेंगदाणे कुटले. तो कापडात गुंडाळून मी अमरावतीला त्यांच्या हॉलवर नेला. साहेबांनी उलटसुलट करून पाहिला.

"असे बोल्ट बैलगाडीलाही लावत."

"हा पुलाचा आहे."

"असेल. पण याच्यावर तसं लिहिलेलं नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "साहेब, माझा बाप खोटं बोलत होता काय?"

"मी तसं म्हटलं नाही. कागदात नाही, एवढंच म्हटलं."

तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा तेच. गिऱ्हाईक कितीही चिवट असलं तरी कुठे ना कुठे वाकतं, हा माणूस वाकेना. मी लाकूड फुकट देतो म्हणालो, तर म्हणाले, लाकडाचा प्रश्न नाही. तिसऱ्या वेळी मी उठून निघालो, मागून हाक येईल अशा बेताने हळूहळू पायऱ्या उतरलो. हाक आली. पण भलतीच.

"वडील आणखी काय काय सांगत होते?"

मी पायरीवरूनच रागारागात सगळं सांगितलं. निशाण, भपकारा, छातीभर पाणी, चोवीस स्लीपर. साहेबांनी ऐकून घेतलं आणि आत गेले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"नाल्यावर जागा देतो. पूल तुम्ही करून आणा. लांबी चोवीस इंच."

"चोवीस?"

"चोवीस."

"साहेब, शेवटचं सांगा."

"शेवटचं म्हणजे काय? चोवीस."

मी फोन ठेवला आणि मनाशी हसलो. चार सूत जास्तीचे धरलेत म्हाताऱ्याने. आमच्या धंद्यात इंचाचे आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. करणारा नवखा, कापताना चुकेल, घासताना झिजेल, म्हणून थोडं वाढवून सांगायचं, हे तर कुणीही करतं. म्हणजे खरी जागा साडेतेवीसची. मी साडेतेवीस धरलं. मी काय आज पहिल्यांदा लाकूड कापतोय?

कापणं सोपं होतं. जोडण्यात माझा जीव गेला. एका पाडलेल्या घराच्या चौकटीचा सागवान निवडला. शंभर वर्षं वाळलेला, आता तो कुठे हलणार नाही. त्याच्या पेन्सिलीपेक्षा बारीक दांड्या चिरल्या. कागदावर पूल काढला, कागद फळीवर चिकटवला, रेघांच्या दोन्ही बाजूंनी खिळे ठोकले आणि त्या खाचांत एकेक दांडी बसवत गेलो. खाली लांब तुळई, वर लांब तुळई, मध्ये उभे खांब, आणि प्रत्येक दोन खांबांत एक तिरपा दांडा. तो तिरपाच खरा. तो नसेल तर बोटाने ढकललं तरी चौकट कलंडते. पण त्याची दोन्ही टोकं बरोबर कोनात कापावी लागतात. कागदाएवढी फट राहिली तरी गोंद नुसता भरतो, धरत नाही. एका बाजूला सहा तिरपे, दोन बाजूंना बारा; त्यातले निम्मे मी दोनदोनदा कापले. टाचणी ठोकली की सागवान चिरायचा. मग आधी सुईने भोक पाडायचं, मग टाचणी. एक चौकट तयार होऊन वाकडी निघाली तेव्हा मी ती भिंतीवर फेकली. भिंतीचा पोपडा पडला.

गोंद वाळेपर्यंत दाबून धरायला मी वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून आणले. बायको गच्चीवरून ओरडत खाली आली.

"आवो, सारे लुगडे उडून शेजाऱ्याच्या आंगनात गेले ना! चिमटे काहून काढले?"

"पुलाले लावले."

"पुलाले! आंगावर काय घालाचं मंग? का पुलालेच नेसवून देऊ?"

पण थांबून तिने पाहिलं. बोटाने एक दांडा दाबला. "सासरेबुवाचा हाये का हा?" म्हणाली आणि उरलेले चिमटेही देऊन गेली.

शेवटी वर स्लीपर बसवायला घेतले. इंचाइंचावर एक. चोवीस बसेनात. बसणार कसे, पूलच साडेतेवीसचा. मी तेवीस ठोकले. कोण मोजायला बसलंय!

दुकानातली पाच किलोची दोन वजनं पुलावर ठेवली. कुरकुरला सुद्धा नाही. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला त्याने मागितलेल्या भावात दार देऊन टाकलं.

अमरावतीच्या बसमध्ये पूल मांडीवर आडवा घेऊन बसलो. वरून पांढरं फडकं टाकलं होतं. कंडक्टरने वाकून पाहिलं.

"काकाजी, मांजराची तिरडी घेऊन चाल्ले काय?"

आख्खी बस हसली. मीही हसलो. म्हटलं हसा लेकहो, बापाचा पूल आहे माझ्या.

हॉलमध्ये सगळे जमले होते. मी फडकं काढलं तेव्हा दोघंतिघं "वा" म्हणाले. नाल्याच्या दोन्ही काठांना साहेबांनी प्लास्टरच्या भिंती केल्या होत्या, त्यांना पूल टेकायला बारीकशा पायऱ्या. मी पूल दोन हातांनी खाली उतरवला. एक टोक पायरीवर बसलं. दुसरं टोक भिंतीला न टेकता सरळ नाल्यात गेलं.

साहेबांनी खिशातून स्टीलची पट्टी काढून पुलाला लावली.

"साडेतेवीस."

"मला वाटलं तुम्ही चार सूत जास्तीचे धरले असतील."

"कशाला धरीन?"

"सगळेच धरतात."

"मी चोवीस म्हणालो, तेव्हा चोवीसच म्हणालो. अर्धा इंच म्हणजे खऱ्या पुलावर एक फूट. गाडी नाल्यात."

त्यांच्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर खुर्चीत बसूनच म्हणाले, "शेटजी, गिऱ्हाइकाले मापात मारता ते समजलं, आता रेल्वेलेबी मारलं काय?"

सगळे हसले. बसमधल्यासारखं मला हसता आलं नाही. मी आजवर भावात कुणाला सोडलं नाही, पण मापात कुणाला मारलं नाही. सायकलवर दार विकत होतो तेव्हापासून नाही. तो पोस्टमास्तर हे गमतीत बोलला, त्याच्या लक्षातही नसेल. माझ्या लक्षात आहे. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पूल तिथेच टेबलावर टाकला, "घाला चुलीत" म्हणालो आणि निघालो. या वेळी पायऱ्या भराभर उतरलो. हाक आली नाही.

घरी येऊन चार दिवस दुकानात प्रत्येकावर खेकसलो. बायको म्हणाली, "एक फोन करा ना साहेबाले. त्याईचं काही चुकलं नाई ह्याच्यात."

"तू त्यांच्या बाजूची हायेस काय?"

"मी पुलाच्या बाजूची हावो."

फोन केला नाही. पण पाचव्या दिवशी परत फळी घेतली, परत खिळे ठोकले. या वेळी चोवीस म्हणजे चोवीस. मनात वडील नव्हते, खरं सांगतो. मनात तो पोस्टमास्तर होता. त्याच्या तोंडावर बरोबर मापाचा पूल मारायचा होता. स्लीपर इंचाइंचावर ठोकत गेलो तर चोवीस बसले. तेही मी नुसते बसले म्हणून बसवले.

ती प्रतिकृती लोकांसाठी उघडायची होती त्या रविवारी सकाळी मी न कळवता अमरावतीला गेलो. बाहेर चपलांचा ढीग पडायला लागला होता. आत गेलो आणि नाल्यापाशी थबकलो. माझा पहिला पूल जागेवर उभा होता. व्यवस्थित, दोन्ही टोकं टेकलेली. एका बाजूची भिंत साहेबांनी अर्धा इंच पुढे सरकवून घेतली होती.

माझ्या हातात दुसरा पूल. क्षणभर वाटलं, वाकला म्हातारा! शेवटी वाकला. मग पुलाच्या शेजारी टाचलेली पाटी वाचली.

"लाकडी पूल (काल्पनिक)."

मी साहेबांना तिथेच, लोकांसमोर गाठलं. "हे काय आहे?"

"पूल चांगला झालाय. चुलीत घालण्यासारखा नव्हता. म्हणून भिंत सरकवली."

"ते नाही. हे. काल्पनिक! काढा हा शब्द."

"नाही काढता येणार."

"मग कंस काढा. बारीक अक्षरात लिहा. काहीतरी कमी करा साहेब, असं कुठे असतं?"

"यात कमीजास्त काय करायचं?" साहेबांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नाही, त्याचाही मला राग येतो. "चोवीस इंच कुठून आले असं तुम्हाला वाटलं?"

"कुठून म्हणजे? तुम्ही नाला मोजला असेल."

"नाल्याला काय, आपला नाला प्लास्टरचा. हवा तेवढा करता येतो. तुमच्या पुलाचा माझ्याकडे एकही कागद नव्हता. होतं ते एकच. तुमच्या वडिलांची मोजणी. चोवीस स्लीपर. दोन फुटांवर एक धरला तर अठ्ठेचाळीस फूट. फुटाला अर्धा इंच, चोवीस इंच. गँगमन बाकी कशातही चुकेल, स्लीपर मोजण्यात चुकत नाही. म्हणून मी त्यात एक सूतसुद्धा इकडेतिकडे केलं नाही. नाला त्यांच्या आकड्यावर खोदला." त्यांनी पुलाकडे बोट दाखवलं. "आणि हा साडेतेवीस, स्लीपर तेवीस. मी मोजले. हा पूल कुणी सांगितला होता? कुणीच नाही. मग हा काल्पनिकच."

ज्या माणसाला मी महिनाभर वडिलांवर विश्वास ठेवत नाही म्हणून शिव्या देत होतो, त्याने वडिलांचा शब्द सूतभर न कापता घेतला होता. कापला होता मी. कोण मोजायला बसलंय म्हणत.

"हे आधी सांगता येत नव्हतं?" मी ओरडलो.

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही 'शेवटचं सांगा' म्हणालात. मी सांगितलं."

मी दुसऱ्या पुलावरचं फडकं काढलं. साहेबांनी पट्टी लावली. मग बोटाने स्लीपर मोजले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि पटाशी आणायला सांगितली.

"आता?" पोस्टमास्तर उठून उभे राहिले. "लोक आत येऊन राहिले ना साहेब! शेटजी, आता जागाबी वाढवून पायजे काय?"

"वाढवून नाही," मी म्हणालो. "होती तेवढी."

साहेबांनी स्वतः भिंत फोडली. वाळलेलं प्लास्टर, ते काही सहज निघत नव्हतं. रंगवलेला काठ उडाला, खालचं पांढरं दिसायला लागलं, रुळांवर भुकटी पडली. पोस्टमास्तर पुटपुटत ब्रशने ती झाडत होते. लोक दारात ताटकळले होते, मुलं टेबलाखालून डोकावत होती. मी पूल उतरवला. एका टोकाला टेकला, दुसऱ्या टोकाला अडला, मी अंगठ्याने दाबला आणि टक् आवाज करून बसला.

साहेबांनी जुनी पाटी काढली. नवीन कागदावर लिहिलं, "लाकडी पूल." मग थांबले. मी म्हणालो, "बस. एवढंच ठेवा." म्हणाले, "नाही." आणि खाली लिहिलं, "एका गँगमनच्या सांगण्यावरून."

"माझ्या वडिलांच्या म्हणा."

"तुम्ही इथे कुणाला माहीत आहात?"

त्यावरही मी दहा मिनिटं घातली. काही उपयोग झाला नाही. पाटी तशीच आहे.

मग गाडी सोडली. इंजिन स्टेशनातून झोकात निघालं, वळणावरून आलं आणि नाल्याच्या काठाशी थांबलं. साहेब बटणापाशी उभे होते. त्यांनी एक बारीक शिटी वाजवली आणि बटण इतकं हळू फिरवलं की इंजिन पुढे सरकतंय की नाही तेच कळेना. एक स्लीपर. मग दुसरा. मी मनात मोजायला लागलो. मी त्यांना असं काही करायला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एकदाच, पायरीवरून, रागात.

लोक चुळबुळायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "काहून थांबली बावा? बिघडली काय?"

"थांबली नाई," मी मागे वळून खेकसलो, "पुढं माणूस चालून राहिला!"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. त्या नादात माझी मोजणी चुकली. अकरा की बारा, ते आठवेना. मला परत पहिल्यापासून मोजता आलं नाही, कारण तोवर इंजिन काठाला लागलं होतं.